इख म्हना, औषध नव्हं

शेवंतामावशी माणसाला आधी हुंगत आणि मग बघत.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला किळस आली होती. श्रावणातली दुपार होती. दोघांनी मोटारसायकलवर मध्ये धरून एका तिशीतल्या गड्याला आणलं. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं, पाय नीट टेकत नव्हते. "ऊन लागलं, भोवळ आली," असं बरोबरचे सांगत होते. आभाळ तर सकाळपासून झाकोळलेलं होतं. मी सवयीनं नाव-गाव विचारायला कागद पुढं ओढला. तेवढ्यात मावशींनी हातातला खराटा टाकला, त्या गड्याच्या खांद्याशी नाक नेलं आणि ओरडल्या, "कापडं काढा ह्याची! आत न्यायचा न्हाय, नळाखाली घ्या!"

"अहो मावशी, आधी केसपेपर तरी..."

"कागुद मागनं. अंगावर इख हाय त्याच्या. आत मुरतंय."

त्यांनी रबरी मोजे चढवले, एकावर एक दोन जोड. अंगणातल्या नळाखाली त्या गड्याला बसवून साबणानं घासायला सुरुवात केली. केसांची मुळं, कानाच्या मागं, काखा, नखं, बेंबी. एखादी आई तान्ह्याला न्हाऊ घालते तशी सगळी ठिकाणं त्यांना पाठ होती, फक्त हात रागात असल्यासारखे चालत होते. आमच्या डॉक्टर मॅडम नव्याच रुजू झालेल्या. त्या धावत बाहेर आल्या, त्याच्या पापण्या वर करून पाहिल्या. बुबुळातला काळा ठिपका मोहरीएवढा झाला होता. मॅडमनी तिथंच सुई टोचली. मावशी तोवर बरोबरच्या माणसाकडं वळल्या होत्या.

"काय मारत व्हता? डबा कुठाय?"

"बांधावर ऱ्हायला."

"मग फोन कर कुनाला तरी. डब्याचा फोटू पाठवाय सांग. काय लिवलंय ते मॅडमला दिसू दे."

फोटो आला, मॅडमनी नाव वाचलं, इंजेक्शनं चालू राहिली आणि तासाभरानं त्याला ॲम्ब्युलन्समधून बार्शीला पाठवलं. तो जगला. संध्याकाळी मॅडम मला म्हणाल्या, "आपण कागद करत बसलो असतो. त्या बाईंनी मला वेळ मिळवून दिला."

मी परंडा तालुक्यातल्या त्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सात वर्षं औषधनिर्माता होतो. गावात त्याला कंपाउंडर म्हणतात, आणि ते दुरुस्त करायचं मी पहिल्याच महिन्यात सोडून दिलं. शेवंतामावशी कंत्राटावरच्या परिचर. झाडलोट, फरशी, ड्रेसिंगचं सामान उकळणं, बाळंतिणीला गरम पाणी देणं ही त्यांची कामं. बुटक्या, काटक, पदर कायम कमरेला खोचलेला. हातात बांगडी नव्हती. कुणी त्यावरून काही बोलायच्या आत त्याच सांगत, "साबनाच्या हातात कुठं मिरवायच्या?" तिसरीपर्यंत शिकलेल्या, पण मोबाईलवर डब्याचं लेबल बोटांनी मोठं करून बघण्यात पटाईत. लेबलावरचा रंगीत चौकोन सगळ्यात जहाल विषाचा लाल आहे की पिवळा, एवढं त्यांना पुरायचं. लाल दिसला की त्यांचा चेहरा दगडासारखा व्हायचा.

आमच्या भागात फवारणीच्या विषाला औषधच म्हणतात. 'भाऊ कुठाय?' 'औषध मारायला गेलाय.' कृषी केंद्राच्या पाटीवर औषधं आणि माझ्या खिडकीवरही औषधंच. मावशींना हे अजिबात खपत नसे. ओपीडीच्या रांगेत कुणी तसं बोललं की हातातलं काम थांबवून त्या म्हणत, "ह्या खिडकीत मिळतंय ते औषध. पंपात घालता ते इख. इख म्हना." माणसं हसायची. एकदा कृषी केंद्राचा मालक स्वतः खोकल्याची गोळी न्यायला आला, तर त्यालाही त्यांनी ऐकवलं. तो चिडून मला म्हणाला, "तुमच्या मावशी आमचं गिऱ्हाईक पळवतात." मावशी फरशी पुसत पुसत बोलल्या, "गिऱ्हाईक न्हाय पळवत बाबा. गिऱ्हाईक जितं ठेवतीय तुझं."

ज्याला धुतलं त्याचे कपडे पिशवीत घालून, गाठ मारून त्या घरच्यांकडं देत आणि प्रत्येक वेळी तेच बजावत, "घरच्या कापडात भिजवायची न्हाईत. बायकूच्या हातात द्यायची न्हाईत. ज्यानं मारलं त्यानंच बरं झाल्यावर धुवायची." बायका मान डोलवत. पण त्या निघून गेल्यावर मावशी बराच वेळ फाटकाकडं बघत राहत. म्हणत, "धुईल ती. आज संध्याकाळीच धुईल."

त्यांची ही भीती माणसांना जाचक व्हायची हेही खरं. गावात एका लग्नात स्टाफमधले आम्ही सगळे गेलो होतो. मांडवाच्या कडेला, फवारणीचं विष येतं तसल्या निळ्या प्लास्टिकच्या ड्रमात मठ्ठा घुसळून ठेवला होता. मावशींनी ड्रम पाहिला, जवळ गेल्या, नाक लावलं, आणि कुणाला काही न विचारता सगळा ड्रम लवंडून दिला. मठ्ठ्याचा लोंढा थेट पंगतीत. नवरीच्या बापानं डोक्याला हात लावला. "अहो, नवा ड्रम हाय! परवा बार्शीहून आनलाय, चिठ्ठी दावू का?" खरंच नवाच निघाला. सगळा मांडव त्यांच्याकडं बघत होता. मावशींनी पदर तोंडाला लावला, नवरीच्या बापासमोर हात जोडले, म्हणाल्या, "चुकले, दादा. पन चुकले हे बरं झालं." मग स्वतः बादली घेऊन ती सगळी जागा धुवून काढली आणि न जेवता घरी गेल्या. पुढं कित्येक महिने पोरं त्यांना बघितलं की 'मठ्ठा, मठ्ठा' म्हणून ओरडायची. त्यांनी ऐकू येत नसल्यासारखं केलं. मात्र विषाचे रिकामे डबे शोधून त्यांना खिळ्यानं भोकं पाडायचं काही थांबवलं नाही. कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या मोरीत, कुणी पाणी भरून शेतात नेताना दिसलं तर रस्त्यात अडवून.

एका गोष्टीसाठी मात्र त्या माझ्याच मागं लागत. विषबाधेचा पेशंट येऊन गेला की त्या माझ्या टेबलाशी येऊन रजिस्टरमध्ये डोकावत.

"काय लिवलं?"

"विषबाधा."

"पिला म्हनून न्हाय ना लिवलं?"

आमच्या रजिस्टरला कारणाचा एक रकाना होता, आणि माझ्या आधीच्यांनी वर्षानुवर्षं त्या रकान्यात 'विष प्राशन' असंच लिहिलेलं. हात त्या शब्दाला सरावलेला. मीसुद्धा पहिले दोन-तीन तसेच लिहिले होते. 'प्राशन' हा शब्द मावशींना अक्षरओळखीपलीकडं जाऊन ओळखू यायचा. बोट ठेवून म्हणायच्या, "ह्यो शबुद खोडा. फवारताना झालं असं लिवा. आख्खं लिवा."

मला वाटायचं, काय फरक पडतो? माणूस वाचला हे महत्त्वाचं. एकदा मी तसं म्हणालोही. दोन दिवसांनी, मागच्या अंगणात ड्रेसिंगच्या पट्ट्या वाळत घालताना, माझ्याकडं पाठ ठेवूनच त्यांनी सांगितलं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं.

"आमचं मालक रोजानं फवारायला जायचं, द्राक्षाच्या बागंत. पानी म्या आनून द्यायची, कालवायची पन म्याच. हातानंच. एक दिस दुपारी घरी आलं, म्हनलं डोकं जड झालंय, पडतो जरा. च्या दिला, तो वकला. शेजारनी दारात आल्या, म्हनल्या, चढलीय जनू आज. मला लाज वाटली, साहेब. म्या दार लावून घेतलं. थंडी वाजत व्हती त्यास्नी, तर हातरुनावर निजवलं आन वरनं वाकळ घातली. अंगातला शर्ट वला व्हता. इखानं वला. वला शर्ट आन वरनं वाकळ. म्याच घातली."

पट्टी दोरीवर टाकून तिची टोकं त्यांनी सारखी केली.

"दिस बुडायच्या आत गेलं. कागदावर लिवलं, इख पिऊन. का पिला, कशापायी पिला, घरात भांडान व्हतं का, ज्यानं त्यानं मलाच इचारलं. मनीषा आठ वर्साची व्हती. शाळंत पोरी तिला म्हनायच्या, तुझ्या बापानं औषध पिलं. पुढं तिची सोयरीक बघताना बी तेच. पिला न्हाय वो त्यो. अंगावर घेतलं."

त्या दिवसानंतर तो शब्द सवयीनं हातून उतरलाच, तर मी पेन दाबून खोडायला लागलो.

मनीषा त्यांची एकुलती एक. गावातच दिलेली, नवरा बांधकामावर जाणारा. ती बायकांच्या टोळीबरोबर खुरपायला जायची. पाचव्या महिन्याची गरोदर होती त्या वर्षीची ही गोष्ट. दिवाळी होऊन गेली होती. द्राक्षांच्या छाटण्या झाल्या की आमच्याकडं बागांमधून ट्रॅक्टरचे ब्लोअर सुरू होतात. मोठ्ठा पंखा, त्यातून विषाचं धुकं दोन्ही बाजूंना उडतं. मावशी त्या दिवसांत सतत दाराकडं बघत असायच्या. ॲम्ब्युलन्सचा आवाज झाला नाही तरी त्यांना तो ऐकू यायचा.

सकाळी अकराच्या सुमारास एक टेम्पो फाटकातून आत शिरला. मागं आठ बायका. कुणी कठड्यावर वाकून ओकत होती, कुणी डोळ्यांवर पदर दाबून बसलेली. कांद्याच्या रानात खुरपत होत्या आणि बांधापलीकडच्या बागेत ब्लोअर चालू होता. वारा फिरला आणि सगळं धुकं यांच्यावर आलं. मनीषा टेम्पोच्या कोपऱ्यात पोटावर दोन्ही हात धरून बसली होती.

मावशींनी तिला पाहिलं. मग त्या टेम्पोत चढल्या आणि एकेकीच्या तोंडाजवळ वाकत गेल्या. मनीषाजवळ आल्या. तिच्या गालाला हात लावला. "आई, पोटात हलंना झालंय," मनीषा म्हणाली.

"शुद्धीत हायेस. बोलतीयास. उतर आन पायरीवर बस. पदर टाक त्यो अंगावरचा."

आणि त्या पुढं गेल्या. टोळीतली सगळ्यात म्हातारी सखूबाई लाळ गाळत आडवी पडली होती, तिला त्यांनी आधी उचललं. चादरीचा आडोसा धरायला सिस्टरला आणि मला उभं केलं. सखूबाई, मग दुसरी, मग तिसरी. मनीषा पायरीवर बसून आईकडं बघत होती. ती रडत होती, पण तिनं हाक मारली नाही. तिचा नंबर चौथा लागला. तिच्या पाठीला साबण लावताना मात्र मावशींच्या हातून साबण दोनदा निसटून मोरीत गेला.

तेवढ्यात बागेचे मालक, संपतराव, मोटारसायकलवरून आले. गावात वजन असलेला माणूस. घाबरले होते, पण आवाज चढाच होता. मॅडमना म्हणाले, "भाकरीबरोबर कालची शिळी आमटी खाल्ली म्हनं बायकांनी. जेवनातनं झालंय. तसं लिहून टाका, उगं पेपरबिपरात नको."

मॅडम काही बोलायच्या आत मावशी साबणाच्या हातानं तशाच उठल्या. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी वेगळंच विचारलं.

"ट्रॅक्टरवर कोन हाय?"

"आँ?"

"ट्रॅक्टरवर. सकाळधरनं ब्लोअर कोन मारतंय?"

"अंकुश. का?"

"त्यो कुठाय?"

"डोकं दुखतंय म्हनला. बागंत सावलीला पडलाय. म्या म्हनलं, नीज घटकाभर."

मावशींचा चेहरा मी आजही विसरलेलो नाही. त्यांनी संपतरावांचं मनगट धरलं. गावातल्या कुणी त्यांना तसं धरलं नसेल. "गाडी सुरू करा," म्हणाल्या. "निजलाय म्हनं! गाडी सुरू करा आदी."

एकदा त्यांनी वळून मनीषाकडं पाहिलं. सिस्टरनं तिला आत नेऊन कॉटवर निजवलं होतं. मग उरलेल्या चौघींना धुवायचं सिस्टरवर सोपवून साबण, मोज्यांची जोडी, आपलं एक जुनं लुगडं आणि पाण्याचा कॅन घेऊन त्या संपतरावांच्या मागं बसल्या. त्यांच्यामागोमाग ॲम्ब्युलन्स गेली.

ती वीस-पंचवीस मिनिटं फार वाईट गेली. आत मॅडम मनीषाच्या पोटावर यंत्र फिरवून बाळाचे ठोके शोधत होत्या. खरखर, खरखर, काहीच नाही. मी दारात औषधांचा ट्रे धरून उभा होतो. मनीषा छताकडं बघत म्हणाली, "आईला सांगू नका अजून." मग कुठूनतरी घोड्याच्या टापांसारखा आवाज यायला लागला. बारीक, भरभर. मॅडमनी डोळे मिटले. मनीषानं विचारलं, "हाय का?" मॅडम म्हणाल्या, "आहे."

ॲम्ब्युलन्स परत आली तेव्हा अंकुश बेशुद्ध होता. दोन लेकरांचा बाप, धडधाकट माणूस, पण दंडाचे स्नायू कातडीखाली आपोआप उडत होते. मावशींनी त्याला बागेतच धुतलं होतं. अंगात कपडा नव्हता, मावशींनी नेलेलं ते जुनं लुगडं गुंडाळलेलं. नंतर कळलं, तो ज्याच्यावर निजला होता ते गोणपाट ब्लोअरच्या टाकीवर झाकायचं होतं. त्याला मॅडमनी सुया दिल्या, नळी घातली आणि बार्शीला हलवलं. संपतराव भिंतीला टेकून खाली बसले होते. स्वतःशीच म्हणत होते, "म्याच म्हनलं की नीज." जेवणाचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. संध्याकाळी मॅडमनी सांगितलं ते मी नऊही नावांपुढं पूर्ण लिहिलं: द्राक्षबागेतील फवारणीमुळे विषबाधा. मावशी शेजारी उभ्या राहून प्रत्येक ओळीवरून बोट फिरवत होत्या.

अंकुश बारा दिवसांनी घरी आला. त्याच्या हाताची थरथर मात्र राहिली. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरतो. सखूबाईंची नजर अधू झाली, पुन्हा खुरपायला त्या काही गेल्या नाहीत. मनीषाला दिवस भरून मुलगी झाली. बारीक, पण खणखणीत रडणारी. सगळ्यांनी पेढे मागितले. मावशींच्या तोंडावर मात्र हसू काही येईना. त्या बाळाची बोटं पुन्हा पुन्हा मोजत. त्याच्या डोळ्यांपुढून काडेपेटी हलवत न्यायच्या आणि मला विचारायच्या, "बघती का हो बरूबर? ह्या डोळ्यानं बघती, ह्या डोळ्यानं?" मी म्हणायचो, मावशी, सगळं छान आहे. "आज हाय," त्या म्हणायच्या.

एप्रिलात कंत्राटी लोकांची नवी यादी आली. मावशींचं नाव नव्हतं. कुणी वरती काही बोललं होतं, की कुणीच बोललं नव्हतं आणि कागदातच नाव राहून गेलं होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मॅडमनी दोन पत्रं पाठवली. त्यांचं उत्तर यायच्या आधी मॅडमचीच बदली झाली. मावशींनी तक्रार केली नाही. जायच्या दिवशी नव्या परिचर बाईला नळाजवळ उभं करून, कानाच्या मागं कसं घासायचं ते तिच्याच कानावर करून दाखवलं. मला म्हणाल्या, "रजिस्टर तुमच्याकडं हाय तवर काळजी न्हाय." काळजी होती हे त्यांच्या तोंडावर दिसतच होतं.

पुढच्या दिवाळीनंतर माझी तुळजापूर भागात बदली झाली. सकाळच्या परंड्याच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो. गावाबाहेर दोन फर्लांगांवर ट्रॅक्टर आडवा येत होता म्हणून ड्रायव्हरनं गाडी थांबवली. डाव्या हाताला कांद्याचं रान होतं आणि त्यात सात-आठ बायका ओळीनं खुरपत होत्या. मधोमध शेवंतामावशी. आता त्या टोळीबरोबर जायला लागल्याचं मी ऐकलं होतं, पाहिलं नव्हतं. खिडकीतून हाक मारणार, एवढ्यात पलीकडच्या बागेत ब्लोअर गुरगुरला.

मावशी उभ्या राहिल्या. चिमटीत माती घेऊन त्यांनी ती खाली सोडली आणि ती कुठं जातेय ते पाहिलं. मग हात वर केला. ओळीतली प्रत्येक बाई जागची उठली. खुरपी तिथंच टाकली, पण भाकरीची गाठोडी आणि पाण्याच्या कळश्या तेवढ्या उचलल्या. मुकादम बांधावरून ओरडत होता, "अहो, अजून ऊन बी चढलं न्हाय, कुठं निघाला?" कुणी मागं वळून पाहिलं नाही. त्या सगळ्या रान तुडवत रस्ता ओलांडून आल्या आणि माझ्या गाडीच्या पुढ्यात, बाभळीखाली एका रांगेत बसल्या.

मावशींनी मला पाहिलं नाही. त्या बायका मोजत होत्या, बोटानं, एकेक करून. मोजून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागल्या. ट्रॅक्टर बाजूला झाला आणि एसटी हलली. मी मान वळवून मागं पाहिलं तेव्हा बागेवरून पांढरं धुकं निघून, रिकाम्या रानात ओळीनं पडलेल्या खुरप्यांवर हळूहळू उतरत होतं.